सेटिंगवर मराठीत कशाला?

"सॉफ्टवेअरच्या सेटिंगवर मराठीत कशाला लिहितोस? प्रोग्रामरना इंग्रजी येतं की!" तळेऱ्याला घरी गेलो की हे हमखास ऐकतो.

मंडळी, विसरलात? देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ सालीच आली होती. तरी २००१ च्या विंडोज एक्सपीत ती नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये एका चौकटीत खूण करून सीडी घालावी लागे. नाहीतर वेलांटी भलत्याच जागी! गाडी अडली होती ती सेटिंगपाशी. ती चौकट कुठे आहे, हे ज्यांनी फावल्या वेळात मराठीत लिहिलं, त्यांच्यामुळे इंग्रजीला बिचकणारेही लिहिते झाले.

माझी सहा प्रकरणं झाली, रविवारी दोन पानं या वेगाने. सातवं: पासवर्ड कोडमध्ये का लिहू नये. नावं खुशाल ठेवा, पण आधी वाचा!