कॅमेरा फिरत नाही? लगेच नवा विकू नका

मित्रांनो, सीसीटीव्हीच्या धंद्यात उतरताय ना? मग ‘मोटर गेली, नवीन घ्या’ हे उत्तर आधी विसरा. चित्र येतंय पण कॅमेरा फिरत नाही, तर पहिला संशय अडॅप्टरवर घ्या. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की करंट जास्त लागतो, लांब वायरीत व्होल्टेजही पडतं. चांगला अडॅप्टर कॅमेऱ्याजवळच लावून बघा. बहुतेक फिरते कॅमेरे चालू होताना स्वतःच एक फेरी मारतात, तेव्हा कान द्या. कट-कट आवाज आला तर काहीतरी अडकलंय किंवा गिअरचे दात झिजलेत. आवाजच नाही, तर आतली वायर, कनेक्टर तपासा. हाताने जोर लावू नका, गिअर प्लॅस्टिकचे असतात.

आणि तपासणीचे पैसे घ्याच, नुसता अडॅप्टर बदलून काम झालं तरी. फक्त ते निघण्याआधी फोनवरच सांगा; काम झाल्यावर मागायला जीभ रेटत नाही.