फैजपूर, १९३६ : हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक काढावा काय?

१/२०
फुटबॉलचा हंगाम सुरू होऊन जेमतेम महिना झालेला असतो. संघ दोन-तीन सामने गमावतो आणि मैदानाबाहेर एकच घोष उठतो : प्रशिक्षकाला काढा. ही मागणी रास्त की उतावळी? या प्रश्नाचा निवाडा करताना फुटबॉलच्या इतिहासाइतकाच खानदेशातील एका गावाचा इतिहासही उपयोगी पडतो. ते गाव फैजपूर आणि ते वर्ष १९३६. (दीर्घ थ्रेड)

२/२०
आधी मैदानावरचे, महाराष्ट्रातलेच उदाहरण. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीने आपले स्पॅनिश प्रशिक्षक मिगेल अँजेल पोर्तुगाल यांना अवघ्या तीन सामन्यांनंतर निरोप दिला. एक बरोबरी, दोन पराभव; एवढाच हिशेब. काही आठवडे प्रद्युम रेड्डी यांनी धुरा सांभाळली आणि डिसेंबरात इंग्लंडचे फिल ब्राऊन आले.

३/२०
एका हंगामात तीन प्रशिक्षक होऊनही संघ दहांपैकी सातवा आला. पुढचा हंगाम उजाडण्यापूर्वी क्लबच बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. दुखणे तिजोरीत होते, उपचार मात्र राखीव खेळाडूंच्या बाकाशेजारी उभ्या असलेल्या माणसावर झाला. संकटातील संस्था जो माणूस सर्वांत ठळक दिसतो त्यालाच रोगाचे मूळ समजतात. हा मोह जुना आहे आणि तो केवळ खेळापुरता नाही.

४/२०
एप्रिल १९३६. लखनौ काँग्रेसचे अध्यक्षपद पंडित जवाहरलाल नेहरूंकडे आले. त्यांच्या पत्नी कमला यांचे २८ फेब्रुवारी रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे निधन झाले होते. तो शोक घेऊनच ते मायदेशी परतले होते. लखनौच्या व्यासपीठावरून त्यांनी समाजवादाचा निःसंदिग्ध पुरस्कार केला. परंतु ज्या कार्यकारिणीसह त्यांना काम करायचे होते, तिच्यातील बहुमत त्या विचाराचे नव्हते.

५/२०
जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव आणि अच्युतराव पटवर्धन हे तिघे समाजवादी कार्यकारिणीत होते. उरलेले बहुतेक सदस्य गांधीवादी परंपरेतील होते. म्हणजे कप्तान एका पद्धतीने खेळू पाहत होता आणि संघातील अनुभवी खेळाडूंना ती पद्धत मान्य नव्हती. त्यातच मे महिन्यात मुंबईच्या एकवीस उद्योजकांनी नेहरूंच्या विचारांविरुद्ध जाहीर निवेदन काढले. संघाला पैसा पुरवू शकणारा वर्गही असा बिथरला होता.

६/२०
२९ जून १९३६ रोजी वर्ध्याहून सात सदस्यांनी राजीनामे पाठवले : राजेंद्र प्रसाद, वल्लभभाई पटेल, राजगोपालाचारी, कृपलानी, जमनालाल बजाज, जयरामदास दौलतराम आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, काँग्रेसने समाजवाद स्वीकारलेला नसताना अध्यक्षांनी त्याचा प्रचार करणे हे स्वातंत्र्यलढ्याला बाधक आहे.

७/२०
या सात जणांची बाजू दुबळी नव्हती, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. १९३५ च्या कायद्याखालील प्रांतिक निवडणुका सहा-सात महिन्यांवर येऊन ठेपल्या होत्या. इतक्या मोठ्या सामन्याच्या तोंडावर संघात दुही असू नये, ही चिंता खरी होती. अध्यक्षाच्या वैयक्तिक मताचे ओझे संपूर्ण संघटनेने का वाहावे, हा प्रश्नही खरा होता. ‘आत्ताच बदल करा, नंतर उशीर होईल’ असे म्हणणारा प्रत्येक जण उतावळा असतोच असे नाही.

८/२०
दुसऱ्या बाजूला नेहरूही पद सोडण्याच्या विचारात होते. या क्षणी गांधीजींनी जे केले त्यात या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. सात जणांना त्यांनी राजीनामे मागे घ्यायला लावले. नेहरूंनाही पत्रातून परखडपणे सुनावले : सहकारी तुमच्या बोलण्याच्या धारेमुळे आणि हुकमी वागण्यामुळे दुखावले आहेत, असहिष्णुतेचा दोष त्यांच्याकडे असेल, तर तो तुमच्याकडेही कमी नाही. म्हणजे अध्यक्ष राहिले, पण जसेच्या तसे राहिले नाहीत.

९/२०
पुढील अधिवेशनासाठी अध्यक्ष निवडण्याची वेळ आली, तेव्हा सरदार पटेलांचेही नाव होते. त्यांनी ते मागे घेतले, मात्र मौनाने नव्हे. माघार म्हणजे नेहरूंच्या सर्व मतांना संमती नव्हे आणि अध्यक्ष म्हणजे सर्वाधिकारी नव्हे, असे त्यांनी निवेदनात स्पष्ट केले. नेहरूंनीही आपली निवड म्हणजे समाजवादाला मिळालेला कौल मानणार नसल्याचे सांगितले. दोघांनीही मतभेद लपवले नाहीत. त्यांच्या मर्यादा ठरवून घेतल्या.

१०/२०
आणि मग फैजपूर. पूर्व खानदेशातील, सातपुड्याच्या पायथ्याकडचे हे गाव. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच शहर सोडून खेड्यात भरले. धनाजी नाना चौधरी आणि अण्णासाहेब दास्ताने यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी परिसर पिंजून काढला. ‘टिळकनगर’ नावाची वसाहत शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि स्थानिक साहित्यातून सजवली. खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले.

११/२०
स्वागताध्यक्ष होते शंकरराव देव. सहा महिन्यांपूर्वी याच अध्यक्षांच्या विरोधात राजीनाम्यावर सही करणारा माणूस आता त्यांच्याच स्वागताला उभा होता. याला शरणागती म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्याच्याशी वाद आहे, त्याच्याशी वाद ठेवूनच काम करता येते, ही संघटनेच्या प्रौढपणाची खूण होती.

१२/२०
फैजपूरने दिले काय? शेतीविषयक कार्यक्रम. खंड व शेतसाऱ्यात मोठी कपात, न परवडणाऱ्या लहान धारणांना सूट, वेठबिगारी व सरंजामी वसुलीचा अंत, कर्जाच्या ओझ्यातून दिलासा, शेतमजुरांना पोटापुरती मजुरी, शेतकरी संघटनांना मान्यता. यात ‘समाजवाद’ हा शब्द मिरवलेला नाही. पण लखनौच्या भाषणातील तळमळ इथे शेतकऱ्याला कळेल अशा मागण्यांत उतरली होती आणि तिला पटेल-राजेंद्रबाबूंचाही पाठिंबा मिळाला होता.

१३/२०
१९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या. प्रांतिक विधानसभांच्या १,५८५ जागांपैकी ७०० हून अधिक जागा काँग्रेसने जिंकल्या. अकरापैकी पाच प्रांतांत स्पष्ट बहुमत मिळाले आणि मुंबई प्रांतात तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. प्रचारात सर्वाधिक फिरलेला नेता होता तोच, ज्याच्या कार्यकारिणीतील सात जणांनी जूनमध्ये राजीनामे दिले होते.

१४/२०
इथे सावध राहिले पाहिजे. ‘नेहरूंना ठेवले म्हणून विजय मिळाला’ असे सरळ समीकरण मांडणे ही इतिहासाची फसवणूक होईल. पटेलांनी उभारलेली निवडणूक यंत्रणा, गांधीजींचे वलय, सविनय कायदेभंगातून तयार झालेले कार्यकर्ते, हे सारे त्यामागे होते. शिवाय मंत्रिपदे स्वीकारण्याला नेहरूंचा विरोध होता आणि मार्च १९३७ मध्ये निर्णय त्यांच्या मताविरुद्ध गेला. फैजपूर सिद्ध करते ते इतकेच : जूनमधील चित्र पाहून घेतलेला निर्णय डिसेंबरपर्यंत चुकीचा ठरला असता.

१५/२०
आता उलट बाजू. जानेवारी १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभि सीतारामय्या यांचा १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी पराभव केला. गांधीजींनी तो पराभव स्वतःचा मानला. कार्यकारिणीतील बहुतेकांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये त्रिपुरीला ठराव झाला की, अध्यक्षांनी गांधीजींच्या इच्छेनुसार कार्यकारिणी नेमावी. आणि गांधीजी नावे सुचवायला तयार नव्हते. २९ एप्रिल रोजी सुभाषबाबूंनी पद सोडले. निवडून आल्यापासून बरोबर तीन महिन्यांत.

१६/२०
वर्धा आणि त्रिपुरी यांत फरक कोणता? दोन्हीकडे अध्यक्ष डावा होता, दोन्हीकडे सहकारी रुसलेले होते. परंतु १९३६ मध्ये मध्यस्थ दोघांच्या मध्ये उभा राहिला. १९३९ मध्ये तो एका बाजूला उभा राहिला. सुभाषबाबूंना कोणी काढले नाही, हे तांत्रिकदृष्ट्या खरे. पण खेळाडू निवडण्याचा अधिकार काढून घेऊन प्रशिक्षकाला बाकावर बसवून ठेवले, तर त्याचे जाणे ठरलेलेच असते. ज्याला ठेवायचे त्याला अधिकारासह ठेवावे. अन्यथा तो केवळ सभ्य भाषेतला निरोप होय.

१७/२०
मग लवकर काढणे नेहमीच चूक काय? नाही. जुलै १९३८ मध्ये मध्य प्रांताचे पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे यांनी स्वतः राजीनामा दिला आणि न जुमानणाऱ्या तीन मंत्र्यांना गव्हर्नरच्या अधिकाराने बडतर्फ होऊ देऊन नवे मंत्रिमंडळ बनवले. ज्या गव्हर्नरी सत्तेविरुद्ध लढा होता, तिचाच हात सहकाऱ्यांवर उगारला गेला. पक्षश्रेष्ठींनी खऱ्यांना काही दिवसांत दूर केले. श्रेष्ठींच्या वर्तनावरही नागपुरात टीका झाली. तरी कारवाईचा आधार निकाल नव्हता, मोडलेला विश्वास होता.

१८/२०
फुटबॉलमध्येही असा धडा आहे. २०१७-१८ चे विजेते चेन्नईयिन पुढच्याच हंगामात १८ सामन्यांत ९ गुण मिळवून तळाला गेले. जॉन ग्रेगरी यांना तरीही ठेवले गेले. त्यानंतरच्या हंगामात सहा सामन्यांनंतर ते गेले, ओवेन कॉयल आले आणि तोच संघ मार्च २०२० मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तिथे बदलाला तीन सामन्यांचा नव्हे, एका पूर्ण हंगामाचा पुरावा होता. संयम हा गुण आहे. पण पुराव्याकडे डोळेझाक म्हणजे संयम नव्हे.

१९/२०
नवा प्रशिक्षक येताच संघ सावरतो, हा अनुभव मात्र फसवा असतो. बास तेर वील या अर्थशास्त्रज्ञाने १९८६ ते २००४ या काळातील डच लीगचा अभ्यास केला. प्रशिक्षक बदललेल्या संघांची तुलना त्यांनी तितक्याच घसरणीतून जाऊनही प्रशिक्षक न बदललेल्या संघांशी केली. सावरले दोन्ही, बदलाने वेगळा लाभ झाल्याचे दिसले नाही. घसरणीच्या तळाशी कोणतेही औषध घेतले, तरी गुण त्याचाच वाटतो.

२०/२०
तेव्हा निर्णयापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. बिघडले आहे ते निकाल, की विश्वास? दोष या माणसाचा, की त्याला निवडणाऱ्यांचा आणि तिजोरीचा? आणि त्याला पूर्ण अधिकार देऊन पाहिले आहे काय? विश्वास मोडला असेल, तर पहिल्या महिन्यातही निरोप द्यावा. केवळ निकाल बिघडले असतील, तर हंगाम पुरा होऊ द्यावा आणि दोन्ही बाजूंना खडसावणारा एक माणूस शोधावा. १९३६ मध्ये काँग्रेसला तो वर्ध्याजवळच्या सेगावात सापडला, म्हणूनच त्या डिसेंबरात फैजपूरला अध्यक्ष आणि त्यांचे टीकाकार एकाच मांडवात बसू शकले.