चावी कुणाच्या हाती, गुन्हा कुणाच्या माथी?

सरकारी कचेरीत माणूस रुजू झाला की रुजू अहवाल लिहितो. बदली झाली की पदभाराची यादी होते. कपाटाच्या चाव्या, नोंदवह्या, शिक्के. देणारा सही करतो, घेणारा सही करतो. पण आज कचेरीची खरी तिजोरी संगणकात आहे. शिष्यवृत्ती, पगारबिले, दाखल्यांचे अर्ज, योजनांचा निधी, सारे सॉफ्टवेअरवर चालते. त्या तिजोरीची चावी म्हणजे युजर आयडी आणि पासवर्ड. ही चावी कुणाला केव्हा दिली आणि माणूस गेल्यावर केव्हा बंद केली, याची नोंद पदभाराच्या यादीत असते काय?

आमच्या वकिलीतील एक प्रकरण सांगतो. एका मागासवर्गीय लिपिकाची बदली झाली, पण जुन्या कचेरीतला त्याचा आयडी चालूच राहिला. साहेबांच्या तोंडी हुकमावरून कंत्राटी ऑपरेटर तोच पासवर्ड वापरीत होता. पुढे रकमेचा घोळ निघाला आणि दोषारोपपत्र आले ते आमच्या बांधवाच्या हाती! संगणकात नाव त्याचे होते ना! तोंडी हुकूम देणारे साहेब मात्र नामानिराळे राहिले.

हे केवळ लहान कचेऱ्यांत घडते असे नाही. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेतील घोटाळा फेब्रुवारी २०१८ मध्ये उजेडात आला. आकडा तेरा हजार कोटींच्या पुढे गेला. परदेशी बँकांना हमीपत्रे 'स्विफ्ट' यंत्रणेवरून जात होती, पण ही यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीशी जोडलेलीच नव्हती. संशयित उपव्यवस्थापक वर्षानुवर्षे त्याच टेबलावर होता. २०१७ मध्ये तो निवृत्त झाला आणि नवीन माणसांनी रोख तारण मागितले तेव्हा बिंग फुटले. ऑगस्ट २०१६ पासून आपण बँकांना तीनदा सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर जाहीर केले. सीबीआयच्या पहिल्या अटकांत त्या निवृत्त अधिकाऱ्याबरोबर खिडकीवरचा एक लिपिकही होता. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण वरच्यांनी चाव्यांचा हिशेब ठेवला नाही, की पहिला हात खालच्या माणसावर पडतो, हे विसरता येत नाही.

कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. केंद्राच्या सर्ट-इन संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकातील वापराच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपून ठेवणे सरकारी संस्थांनाही बंधनकारक आहे. याचा दुसरा अर्थ नीट समजून घ्या. सहा महिन्यांनंतर जाग आली, तर तुमच्या निर्दोषपणाचा पुरावा पुसला गेलेला असू शकतो. म्हणून नोटीस येताच लॉग जपून ठेवण्याची आणि त्यांच्या प्रतींची लेखी मागणी करा. न्यायालयात अशा नोंदींसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, तेही मागा.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की संविधानाचा शब्दही न बदलता केवळ कारभाराची पद्धत बदलून संविधान निकामी करता येते. आज ती पद्धत संगणकात बसली आहे. आरक्षणाने मिळालेली खुर्ची काढून घ्यायला आता कायदा बदलावा लागत नाही. बंद न केलेला एक आयडी पुरे होतो.

म्हणून मागासवर्गीय कर्मचारी संघटनांनी पदोन्नती आणि अनुशेषाइतक्याच आग्रहाने तीन मागण्या लावून धराव्यात. एक, रुजू होताना कोणकोणते लॉगिन दिले त्याची लेखी यादी. दोन, कार्यमुक्तीच्याच दिवशी सर्व आयडी बंद केल्याचा सही-शिक्क्याचा दाखला. तीन, कंत्राटी ऑपरेटरला स्वतःच्या नावाचा स्वतंत्र आयडी, कारण तोही बहुधा आपल्याच वस्तीतला पोरगा असतो आणि उद्या त्यालाच बळीचा बकरा केला जाईल.

तोवर साहेब कितीही गोड बोलले तरी पासवर्ड देऊ नका. तोंडी हुकूम झाला तर लेखी मागा आणि बदली होताच आयडी बंद करण्याचा अर्ज देऊन त्याची पोच घ्या. पोच जपून ठेवा. उद्याच्या चौकशीत तीच तुमची साक्षीदार असेल.

जयभीम!