अर्ध्या मिलिमीटरचा निवाडा

जठराचा कर्करोग अगदी सुरुवातीला सापडला की घरच्यांना वाटतं, सुटलो. डॉक्टरांचा पेच मात्र तिथूनच सुरू होतो : रोग शेजारच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचला आहे का? नसेल, तर दुर्बिणीतूनच अस्तराचा तेवढा भाग सोलून काढता येतो आणि जठर शाबूत राहतं. असेल, तर जठराचा मोठा भाग, कधी अख्खं जठर, ग्रंथींसकट काढावं लागतं. मग थोडं थोडं खाणं, घटणारं वजन, आणि अख्खं जठर गेलं असेल तर जन्मभर बी-१२.

याचं उत्तर बाहेरून बघून मिळत नाही. सीटी स्कॅनला ग्रंथीचा आकार दिसतो. पण ग्रंथी साध्या सुजेनेही फुगते, आणि कर्करोगाच्या चार पेशी पोटात घेतलेली ग्रंथी दिसायला अगदी निरोगी असू शकते. म्हणून अंदाज बांधावा लागतो, आणि तो कसा बांधायचा हे जगाला जपानने शिकवलं. ग्रंथींत गेलेला असो वा नसो, अस्तर आणि त्याखालचा थर यांपुरताच असलेला कर्करोग ‘प्रारंभिक’ मानायचा, ही व्याख्या तिथलीच, १९६२ची. २००० साली डॉ. गोतोदा आणि सहकाऱ्यांनी टोकियोतल्या दोन मोठ्या कर्करोग केंद्रांमधल्या, शस्त्रक्रिया झालेल्या ५,२६५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. पेशींची ठेवण बरी, रोग अस्तरातच आणि आकार तीन सेंटिमीटरच्या आत, अशा १,२३० जणांपैकी एकाच्याही ग्रंथीत रोग नव्हता. खालच्या थरात अर्ध्या मिलिमीटरहून कमी उतरलेले, लहान आणि रक्त-लसिकावाहिन्यांत न शिरलेले १४५ कर्करोग होते, तिथेही शून्य.

पण शून्याशून्यांत फरक असतो. १,२३० पैकी शून्य म्हणजे खरा धोका जास्तीत जास्त हजारात दोन-तीन. १४५ पैकी शून्य म्हणजे तो शंभरात दोनपर्यंतही असू शकतो. ‘काही धोका नाही’ असं सांगताना ते कुठल्या शून्यावरून सांगितलं, हे रुग्णाला कळायला हवं.

सोललेल्या तुकड्याचा रिपोर्ट मनासारखा आला नाही तर पुढे काय, यासाठी जपानी डॉक्टरांनी २०१७ साली ‘ई-क्युरा’ ही गुणपद्धत मांडली. लसिकावाहिनीत पेशी शिरल्या असतील तर तीन गुण. तीन सेंटिमीटरहून मोठा आकार, अर्धा मिलिमीटर किंवा अधिक खोली, तळाच्या कडेला उरलेला रोग आणि शिरेतला शिरकाव यांना एकेक. शून्य-एक गुण असेल तर ग्रंथींत रोग असण्याची शक्यता सुमारे अडीच टक्के, दोन ते चारला पावणेसात, पाच ते सातला जवळपास तेवीस. हेच अडीच टक्के पन्नाशीतल्या माणसाला शस्त्रक्रियेकडे नेतील आणि हृदयविकार असलेल्या ऐंशीच्या आजोबांना घरी बसवतील, आणि दोन्ही निर्णय बरोबर ठरू शकतात.

आता सीटीवरून किंवा काचपट्टीच्या चित्रांवरून हेच भाकीत करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलं येत आहेत. त्यांना माझा विरोध नाही. पण ई-क्युरातला एकेक गुण पॅथॉलॉजीच्या टेबलावर ठरतो, आणि आपलं लक्ष तिथे सर्वांत कमी असतं. सोललेला तुकडा कॉर्कवर टाचण्यांनी ताणून बसवायचा, फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, मग दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या कापून प्रत्येक पट्टी पाहायची. नुसताच बाटलीत टाकला तर तो आखडतो, कडा मुडपतात, काप तिरका जातो आणि खोली चुकते. अर्ध्या मिलिमीटरवर जठर राहणार की जाणार हे ठरत असताना ही चूक किरकोळ नाही. लसिकावाहिनी कोणती आणि पेशींभोवती नुसती पडलेली फट कोणती, हेही नेहमीच्या रंगात अनेकदा कळत नाही. त्यासाठी डी२-४० हे वेगळं रंजन लागतं. त्याला पैसा, वेळ आणि मनुष्यबळ लागतं. हा खर्च वाचवून मॉडेल विकत घेणं म्हणजे वजनकाटा बिघडलेला ठेवून हिशेबाला संगणक आणणं.

दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची सरकारी तपासणी होते. आपल्याकडे तशी सोय नाही, रोग बहुधा उशिरा सापडतो. त्यामुळे लवकर सापडलेले जे थोडे रुग्ण आहेत, त्यांच्या बाबतीत तरी ढिलाई परवडणार नाही. अशा रुग्णाच्या नातेवाइकांनी रिपोर्टमध्ये पाच गोष्टी शोधाव्यात : आकार, पेशींची ठेवण, मायक्रॉनमध्ये खोली, वाहिन्यांतला शिरकाव, कडा. एकही गाळलेली असेल तर डॉक्टरांना विचारावं, आणि काचपट्ट्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवाव्यात. यात कुणाचा अपमान नाही. टक्केवारी त्यानंतर ऐकावी.