मोबाईलचा डेटा हिशेबानें घ्यावा

शेतकरी बंधूंनो, दुकानदार दाखवील तोच प्लॅन घेण्याची चाल आम्हांस मान्य नाहीं. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे महिना नव्हे. त्याचे वर्षाला १३ हप्ते पडतात. रोज मिळणारा १.५ जीबी डेटा कालव्याच्या पाळीसारखा असतो. न वापरलेला भाग मध्यरात्रीं बुडतो. सातबारा, बाजारभाव व हवामान पाहण्यास डेटा थोडाच लागतो. खरा खप व्हिडिओंचा. करितां फोनमध्येंच महिन्याच्या वापराचा आंकडा पाहावा, मग प्लॅन निवडावा. घरांतील वृद्धांस केवळ बोलावयाचें असेल, तर डेटाविरहित प्लॅन मागावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०२४ सालीं तसा प्लॅन ठेवणें कंपन्यांस बंधनकारक केलें आहे. न मागणारास तो कोण दाखविणार?