वाणाचं खोकं

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर चढले आणि कोपऱ्यातलं एक जड खोकं खाली ओढलं. वरती माझ्याच अक्षरात 'वाण' असं लिहिलेलं. सुतळी सोडली आणि सगळं जमिनीवर मांडलं. स्टीलच्या वाट्या १७, पण एकीसारखी दुसरी नाही. साबणदाण्या ६. चहाच्या गाळण्या, कुंकवाचे करंडे, कंगवे, हातआरसे, धड लवंगाही मावणार नाहीत एवढे प्लॅस्टिकचे डबे, आणि लिंबू पिळायचं एक यंत्र, पहिल्याच लिंबाला मोडलेलं. मोजून ६३ वस्तू निघाल्या. त्यांतल्या रोजच्या वापरात किती आल्या म्हणाल, तर चार-पाच. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये माळा म्हणजे सोन्याची जागा, आणि तिथे हे! खाली स्टूल धरून उभे असलेले आमचे 'हे' म्हणाले, "दुकान टाकायचा विचार आहे का?"

राग आला, पण बोलायला तोंड कुठे होतं? दर जानेवारीत मीच ना उल्हासनगरला जाऊन डझनाच्या भावाने वस्तू आणते? कधी ठाण्याला जांभळी नाक्यावर जाते. पन्नास बायका आणि नगाला तीस रुपये धरले तरी दीड हजार झाले. वर कापडासारख्या दिसणाऱ्या पातळ पिशव्या. कापडासारख्या दिसतात खऱ्या, पण असतात प्लॅस्टिकच्याच. मग आपण पन्नासजणींना द्यायचं, त्या पन्नासजणी आपल्याला देणार, आणि सगळ्याजणींचे माळे भरणार. एका वर्षी तर मी एक साबणदाणी पुढे सरकवली ती नेमकी जिने दिली होती तिच्याच हातात! तिने ओळखली. काही बोलली नाही बिचारी, पण मला आठवलं की अजून कान गरम होतात.

आता कुणी म्हणेल, बाई, ही आपली रीत आहे. रीत खरीच. पण मूळ रीत कुंभाराकडच्या सुगडांची. त्यांत काय, तर उसाचे करवे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे, गव्हाच्या ओंब्या, तीळगूळ. शेतात त्या दिवसांत जे आलं ते एकमेकींना द्यायचं. दोन दिवसांत खाऊन संपायचं, माळ्यावर काही जायचं नाही. आणि चैत्रातलं हळदीकुंकू पाहा ना. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. तिथे वाटी नाही मिळाली म्हणून कुणी रुसून गेल्याचं ऐकलंय का?

तेव्हा ठरवलं, यंदा वाण बंद. सासूबाईंना भीतभीतच सांगितलं. वाटलं होतं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या तीळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वस्तू नको तर नको. मला काय त्या साबणदाण्या डोक्यावर घ्यायच्यात? पण शेजारी काय करणार आहेस?"

शेजारी म्हणजे आमच्या मजल्यावरच्या काकू. दोन वर्षांपूर्वीपर्यंत उल्हासनगरला माझ्याबरोबर त्याच यायच्या. घासाघीस करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पावसाळ्यात त्यांचे यजमान गेले. त्यापुढच्या संक्रांतीला मी सगळ्या जिन्यात बोलावणं केलं आणि त्यांच्या दारावरून तशीच पुढे गेले. त्या संध्याकाळी त्यांचं दार बंद होतं, दिवाही लागला नव्हता. बायका येत होत्या, जात होत्या, आणि मी हसून अत्तर लावत होते. खोकं माळ्यावरून उतरवायला मला दिवाळी लागली, पण मनात दुसरं एक खोकं होतंच की.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. मी शाळेत मुलांना ही बातमी वाचून दाखवली होती, अगदी खड्या आवाजात. आणि घरी?

सासूबाईंचं मत माझ्यासारखं नाही, हेही सांगते. "बोलाव, पण कुंकू लावू नकोस, तिलाच अवघड होईल," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, करंडा पुढे करीन, घ्यायचं की नाही ते काकू ठरवतील.

बोलावणं करतानाच सगळ्यांना सांगून टाकलं, की वाण नाही, फक्त खाणं आणि गप्पा. हे आधी सांगावं. ऐन वेळी कळलं तर येणारीला आपला अपमान वाटतो. तिळाच्या वड्या, ओल्या हरभऱ्याची उसळ, बोरं आणि मसाला दूध एवढंच केलं. दीड हजाराच्या जागी सहाशेत भागलं, आणि बायका नेहमीसारख्या पाच मिनिटांत न उठता टेकल्या.

काकू आल्या, पण उशिरा, आठ वाजून गेल्यावर. दारातच थांबल्या. मी करंडा पुढे केला. त्यांनी हळद लावून घेतली, कुंकवाला नुसता हात जोडला, आणि गजरा मात्र मागून घेतला. बसलेल्यांपैकी दोघी काही न बोलता उठल्या आणि चपला घालायला लागल्या. काकूंनी ते पाहिलं. उसळीची वाटी हातात घेतली आणि मला म्हणाल्या, "हरभरा कुठून आणलास? महाग पडला असेल."

खोक्यातल्या वाट्या बालवाडीत दिल्या, मोडकं भंगारवाल्याला. रथसप्तमीपर्यंत मला सात घरची बोलावणी आली. काकूंना एका घरचं आलं, आणि त्या गेल्या.