शाळेचा पैसा आणि पालकांची सही

मार्च महिना अखेरीस आला की खेडोपाडीच्या प्राथमिक शाळांत दरसाल एक विधी पार पडतो. मुख्याध्यापक ठरावाची वही काखेत मारून वस्तीवर निघतात. समितीची सभासद बाई कोणी गव्हाच्या कापणीत असते, कोणी ऊसतोडीहून नुकतीच परतलेली असते, कोणी घरामागे आव्यात मडकी रचीत असते. तेथे तिला गाठून वही पुढे धरावयाची, "ताई, सही करा, नाहीतर निधी परत जाईल" असे म्हणावयाचे, आणि तिने हात पदराला पुसून नाव काढावयाचे. वर काय लिहिले आहे ते ती विचारीत नाही व मास्तर सांगत नाहीत. ज्या सभेत तो ठराव "सर्वानुमते मंजूर" झाला असे वही सांगते, ती सभा मुळी भरलेलीच नसते.

हे आम्ही कोणाकडून ऐकून लिहीत नाही. आम्ही स्वतः मास्तर आहो आणि अशी वही घेऊन आम्हीही हिंडलो आहो. काही वर्षांमागे कुंभारवाड्यातील एका बाईंनी सही करण्यापूर्वी आम्हांस विचारले, "गुरुजी, सही करते, पण पैसा किती आला नि कशाला लागला, तेवढं सांगा की." आम्ही आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "एवढा आला, मग पोरी अजून पडक्या भिंतीआड का जात्यात?" शाळेच्या मोरीला दार नव्हते. त्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि तो प्रश्न आजतागायत आमच्या मानेवर बसला आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याचे २१ वे कलम आमच्या प्रत्येक वाचकाच्या घरी माहीत असले पाहिजे. सरकारी, जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप किंवा पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि वंचित व दुर्बल घरांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, असे ते कलम सांगते. या समितीची कामे कोणती? शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे, आणि सरकारकडून, स्थानिक संस्थेकडून वा अन्य कोठूनही आलेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो हे पाहणे. बावीसावे कलम याही पुढे जाते. समितीने केलेला आराखडा हाच सरकारच्या व स्थानिक संस्थेच्या अनुदानाचा पाया धरावा, असे त्यात आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पैसा वरून खाली येण्याआधी मागणी खालून वर जावयाची आहे. खाजगी अनुदानित शाळांत मात्र २०१२ च्या दुरुस्तीने या समितीला केवळ सल्ला देण्यापुरते ठेवले आहे. हे आम्हांस पटत नाही, पण तो विषय निराळा.

आता पैसा किती? सर्व शिक्षा अभियानाच्या काळात शाळा अनुदान वेगळे, देखभाल दुरुस्तीचे वेगळे आणि शिक्षकामागे पाचशे रुपये वेगळे येत असत. २०१८ साली समग्र शिक्षा योजना आली आणि संयुक्त शाळा अनुदान, ज्यास आम्ही मास्तर लोक कंपोझिट ग्रँट म्हणतो, ते पटाच्या मानाने सुरू झाले. २०२१ च्या आराखड्यातील दर असे : तीस मुलांपर्यंत १०,००० रुपये, एकतीस ते शंभर २५,०००, एकशे एक ते अडीचशे ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यावर एक लाख. यातील निदान दहावा हिस्सा स्वच्छतेच्या कामी लावावयाचा. बाकीचा विजेचे बिल, पाणी, खडू-फळा व शिकविण्याचे साहित्य, मोडकी साधने बदलणे, इमारतीची व मोरीची दुरुस्ती यांसाठी आहे. पाहुण्यांच्या हारतुऱ्यांचा त्या यादीत कोठेही उल्लेख नाही. खेळाचे व ग्रंथालयाचे अनुदान वेगळे असते. ज्या कामासाठी जो पैसा आला तो त्याच कामी लावावा, एका पिशवीतला दुसऱ्या पिशवीत घालू नये, हा या साऱ्या नियमांचा गाभा आहे.

वाचकांनी थोडा हिशेब करून पाहावा. धनगरवाड्यावरची किंवा तांड्यावरची शाळा अठ्ठावीस मुलांची धरा. तिला १०,००० मिळाले. हजार स्वच्छतेचे वजा केले तर नऊ हजार, म्हणजे महिन्याला साडेसातशे. त्यात विजेचे बिल, खडू, नळाची तोटी आणि पावसाळ्यापूर्वी कौले फिरविणे भागवावयाचे. तीन मुले अधिक आली असती तर त्याच शाळेस अडीच पट पैसा मिळता! मुलामागे पाहिले तर लहान शाळेस जास्त मिळते असे कारकुनी गणित दाखवील. पण छपराची गळती पट मोजून गळत नाही. दुर्गम वाड्या, पाडे, तांडे येथील शाळा पटाने लहान असतात, आणि गरज मोठी असूनही त्यांच्या वाट्यास सर्वांत लहान रक्कम येते.

त्यातही ती वेळेवर येईल तर! पूर्वी पैसा समितीच्या खात्यावर जमा होई, पासबुकात दिसे, आणि अध्यक्ष व मुख्याध्यापक दोघांच्या सहीने निघे. २०२१ पासून केंद्र सरकारने योजनांच्या पैशासाठी राज्यभर एकच मुख्य खाते ठेवण्याची पद्धत आणली. खालच्या खात्यांवर शिल्लक शून्य, फक्त खर्चाची मर्यादा. आम्ही तिला लिमिट म्हणतो. पडून राहिलेला पैसा सापडावा व मधल्यामधे कोठे मुरू नये हा त्यामागील हेतू चांगला आहे, यास आमची ना नाही. पण आमच्या अनुभवास आले ते असे की लिमिट वर्षाच्या शेवटास येते आणि मार्च संपताच जाते. जून महिन्यात छप्पर गळते तेव्हा मास्तरांनी पदरचे घालावे, आणि मार्चमध्ये चार दिवसांत मिळेल त्या दुकानातून मिळेल ते आणून बिले जोडावी. अशा घाईत ठराव कोऱ्या कागदावर होणार नाही तर काय होईल? मास्तरांचा दोष आहेच, तो आम्ही लपवीत नाही. परंतु वर्षाचा पैसा वर्षाच्या शेवटी देऊन वर उपयोगिता प्रमाणपत्राची घाई लावणाऱ्यांनी सगळे खापर मास्तरांच्या माथी फोडू नये.

पालकांच्या हातातला अधिकार काढून घेतला म्हणजे काय होते, याचा दाखला महाराष्ट्रात नुकताच मिळाला. गणवेशाचा पैसा पूर्वी समितीकडे येई. समिती कापड पाही, गावच्या किंवा शेजारगावच्या शिंप्याकडे मुलांची मापे देई. २०२४-२५ साली सरकारने "एक राज्य एक गणवेश" म्हणून कापडाची खरेदी एका ठिकाणाहून केली व शिलाई बचत गटांकडे सोपविली. शाळा जूनमध्ये उघडल्या. कित्येक ठिकाणी गणवेश महिनोन् महिने आले नाहीत, आणि आले ते कोणाला ढगळ तर कोणाला आखूड. खुद्द सरकारनेच डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून २०२५-२६ पासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले. शिलाई करणाऱ्या बायांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यापर्यंत मूल पोहोचलेच नाही, पोहोचले ते मापाचे तक्ते. पण त्या एका वर्षात गावच्या शिंप्याचे जे काम गेले त्याची भरपाई कोणत्याही निर्णयात लिहिलेली आम्ही पाहिली नाही.

शिक्षणाच्या नावाने पैसा घ्यावयाचा आणि तो भलतीकडे जावयाचा, हे दुखणे आजचे नाही. मुंबई इलाख्यात गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून रयतेकडून घेतला जाई. १८६९ च्या कायद्याने त्यास पक्के रूप आले. त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढे निवेदन दिले, त्यात त्यांनी नेमके याच जागी बोट ठेवले : सरकार शिक्षणासाठी म्हणून खास पट्टी घेते, पण ज्यासाठी घेते त्यासाठी ती खर्च होत नाही, आणि इलाख्यातील दहांपैकी नऊ गावांना शाळाच नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे करा, हीही मागणी त्याच निवेदनात आहे.

इंग्रज गेले, पट्टी मात्र पुन्हा आली. २००४ साली केंद्राने प्राथमिक शिक्षणासाठी दोन टक्के उपकर बसविला, २००७ साली माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का. काही वर्षे तो कारखान्याच्या मालावरील अबकारी करावरही होता. तेव्हा साबणाची वडी घेणाऱ्या मजूर बाईनेही तो भरलाच आहे. प्राथमिकच्या पैशासाठी २००५ साली वेगळा कोश निघाला. माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या एक टक्क्याचे काय झाले? देशाच्या महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की २०१६-१७ पर्यंत त्यापोटी ८३ हजार कोटींहून अधिक रुपये गोळा झाले, आणि तोपर्यंत त्यासाठी वेगळा कोशही काढलेला नव्हता. कोशास मंजुरी मिळाली ती ऑगस्ट २०१७ मध्ये. उपकराची आणखी एक खुबी अशी की त्यातला वाटा राज्यांना हक्काने मिळत नाही. जोतीरावांचे वाक्य पालटण्याची गरज कोणत्याही सरकारने पडू दिलेली नाही.

जोतीरावांनी १८७३ साली आपले "गुलामगिरी" हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केले होते. त्याच अमेरिकेत हिशेब विचारणाऱ्या आईबापांची एक हकीकत अलीकडे घडली, ती आमच्या वाचकांस कळावी. तेथील कॅलिफोर्निया राज्याने २०१३ साली कायदा केला की गरीब घरची, इंग्रजी न येणारी आणि परक्यांच्या घरी सांभाळली जाणारी मुले जेवढी असतील, तेवढा जादा पैसा त्या भागाच्या शाळामंडळास द्यावा, आणि तो त्या मुलांच्या सोयी वाढविण्यास लावावा. लॉस एंजेलिस शहराच्या शाळामंडळाने काय केले, तर अपंग मुलांसाठी जो खर्च करणे त्याला आधीपासूनच भाग होते, तोच या मुलांवरील नवा खर्च म्हणून वहीत दाखविला. पैसा चोरला नाही, फक्त एका पिशवीतला दुसऱ्या पिशवीत मोजला. तेथील पालक व वस्तीतील संघटना २०१५ साली कोर्टात गेल्या. २०१७ मध्ये तडजोड झाली आणि मंडळाला तीन वर्षांत १५ कोटी १० लाख डॉलर पन्नास शाळांकडे वळवावे लागले.  पालकांनी व संघटनांनी वही वाचली, एवढेच.

आमच्या पालकांस कोर्टापर्यंत जाण्याचेही कारण नाही. केंद्राच्या २०१० च्या नियमांत समितीच्या सभेचे इतिवृत्त लोकांस पाहावयास खुले असावे व हिशेब दरसाल तपासणीस ठेवावा असे लिहिले आहे. कायद्याच्या ३२ व्या कलमान्वये मुलाच्या हक्काबाबत कोणीही स्थानिक संस्थेकडे लेखी गाऱ्हाणे देऊ शकतो, आणि तीन महिन्यांत त्याचा निकाल द्यावा लागतो. २००५ चा माहितीचा कायदा तर आहेच. पण या सर्वांच्या आधी पालकसभेला जाणे आहे. ज्या सभेत समिती निवडली जाते तिला आम्ही पंधरा माणसे मोठ्या मुष्किलीने जमलेली पाहिली आहेत, आणि त्याच गावात यात्रेच्या वर्गणीच्या बैठकीस पाय ठेवावयास जागा नसते. मग अध्यक्ष होतो तो कोणा पुढाऱ्याचा पुतण्या, ज्याची मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. वास्तविक ज्याचे मूल त्या शाळेत नाही त्याला पालक म्हणून समितीत बसण्याचा अधिकार काय?

आमच्या मास्तर बंधूंनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. कीर्द आणि व्हाउचरे सभेपुढे मोठ्याने वाचून दाखविली तर आपली अब्रू जाते असे कोणी समजू नये. उलट पदरचे किती गेले तेही त्याच दिवशी गावाला कळते.

कुंभारवाड्यातील त्या बाईंचे राहिले. पुढल्या साली जुलैत आम्ही खरी सभा बोलाविली. समितीतील सातजण आले, त्यांत पाच बाया. लिमिट आली नव्हती, तरी आराखडा त्या दिवशीच लिहिला, आणि पहिल्या ओळीत मोरीचे दार घातले. पैसा फेब्रुवारीत आला. दार गावच्या सुतारानेच केले. त्याची पावती वहीत आहे आणि तिच्याखाली त्या बाईंची सही आहे. कडी मात्र आतून लागत नाही, ती बदलावयाचा विषय येत्या सभेपुढे आहे.